विचाराचे बंदर

तत्त्वज्ञान फुरसतीतून जन्मते, हा समज अ‍ॅरिस्टॉटलइतका जुना आहे. ईजिप्तमध्ये गणित उदयास आले ते तेथील पुरोहितवर्गाला फुरसत होती म्हणून, असे त्याने लिहून ठेवले आहे. परंतु केवळ फुरसत पुरेशी असती, तर देवांना वगळून सृष्टीचा उलगडा करण्याचे धाडस नाईलकाठच्या मंदिरांतच झाले असते. ग्रीक परंपरेत ते प्रथम झाले आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील मायलेटस या बंदरात, इ. स. पू. सहाव्या शतकात.

हा योगायोग नव्हे. मायलेटसच्या वसाहती काळ्या समुद्राभोवती पसरल्या होत्या. ईजिप्तमधील नॉक्रेटिस येथे त्याच्या व्यापाऱ्यांनी अपोलोचे मंदिर बांधले होते. बंदरोबंदरी निराळे देव आणि निराळ्या सृष्टिकथा ऐकणाऱ्याला आपलीच कथा तेवढी खरी मानणे कठीण जाते. शिवाय तारा ओळखण्यात चूक झाली, तर ती मंत्राने दुरुस्त होत नाही. फिनिशियन खलाशी ज्या ध्रुवमत्स्याच्या आधारे गलबते हाकीत, त्याची ओळख थेलीसने ग्रीकांना करून दिली, अशी परंपरा आहे. किनाऱ्यावरून गलबताचे अंतर काढण्याची रीतही त्याच्या नावावर सांगितली जाते. त्याच नगरीतील अ‍ॅनॅक्झिमँडरने ज्ञात जगाचा नकाशा काढला आणि पृथ्वी कशाच्याही आधाराविना अधांतरी स्थिर आहे, असे प्रतिपादन केले.

अर्थात एकट्या समुद्राला याचे श्रेय देणे ही भाबडी जडवादी समजूत ठरेल. फिनिशियनही दर्यावर्दीच होते आणि ग्रीक खलाशीही पोसायडनला नवस बोलत. पण मायलेटसमध्ये सत्ता निर्विवाद नव्हती. दोन पिढ्या हे नगर अंतर्गत यादवीने ग्रासले होते, असे हिरॉडोटस सांगतो. जेथे नगराचा कारभार वादाचा विषय होतो, तेथे विश्वाचा कारभारही फार काळ वादातीत राहत नाही.

इ. स. पू. ४९४ मध्ये इराणी फौजांनी मायलेटस उद्ध्वस्त केले. पुढे शतकभरात विचाराचे केंद्र अथेन्सकडे सरकले आणि त्याची दिशाही पालटली. प्लेटोच्या ‘कायदे’ या ग्रंथातील नियोजित नगर समुद्रापासून ८० स्टेडिया, म्हणजे सुमारे १४ किलोमीटर दूर आहे. तरीही ते त्याला समुद्राच्या फार जवळ वाटते, कारण बंदर नगरात व्यापार आणि चंचल वृत्ती आणते. त्याच नगरात कारागिरी नागरिकांना वर्ज्य आहे. समुद्राचे भय आणि श्रमाचा तिटकारा एकाच ग्रंथात एकत्र नांदावेत, हे अर्थपूर्ण आहे.

मायलेटसमध्येही गुलाम होतेच. त्या नगरीचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. पण हात आणि बुद्धी यांची फारकत जसजशी वाढते, तसतसा विचार कसोटीला पारखा होतो, हा तिचा धडा समाजवादी चळवळीने विसरू नये. अभ्यासवर्गात ग्रंथ अवश्य वाचले जावेत. मात्र धक्क्यावर, शेतात आणि कारखान्यात राबणारा माणूस तेथे केवळ श्रोता राहिला, तर आपणही आपले नगर समुद्रापासून दूर वसवीत आहोत, असेच समजावे.