डाग दातांवर, दोष कोणाच्या माथी?

शाळेत आरोग्यतपासणीचा दिवस आला की मुलांची तोंडे उघडून पाहिली जातात आणि ज्याचे दात पिवळे, तपकिरी वा खरबरीत दिसतील त्याच्यावर ‘दात घासत नाहीस काय?’ हा प्रश्न ठरल्यासारखा येऊन आदळतो. मूल मान खाली घालते. शेजारची पोरे हसतात. घरी याच प्रश्नाचे दुसरे उत्तर तयार असते. ‘खाण तशी माती’ असे म्हणून नातवाच्या दातांचा हिशेब सुनेच्या माहेरी चुकता केला जातो. शाळा मुलाला दोषी ठरवते, घर आईला. दोन्ही निवाडे साक्षीपुरावा न घेता दिलेले असतात आणि दोहोंची शिक्षा मात्र मूल वर्षानुवर्षे भोगत राहते.

दाताच्या माथ्यावरचे चकाकते कवच म्हणजे दंतवल्क. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ. वजनाच्या मानाने त्याचा सुमारे 96 टक्के भाग खनिजाचा असतो. ते घडविणाऱ्या पेशी आधी प्रथिनांचा साचा रचतात, त्यात खनिजाचे स्फटिक भरतात आणि शेवटी साचा काढून घेऊन स्फटिकांना घट्टपणा आणतात. दात हिरडीबाहेर येईपर्यंत या कारागीर पेशी नाहीशा झालेल्या असतात. मोडलेले हाड सांधते, कापलेली त्वचा भरून येते. दंतवल्क पुन्हा घडत नाही. दुधाच्या दातांवरचे हे काम गर्भावस्थेच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरू होते आणि मूल वर्षाचे होईतो आटोपते. कायमच्या पहिल्या दाढेचे काम जन्माच्या सुमारास आरंभते आणि तिसऱ्या वर्षापर्यंत संपते. तेव्हा दंतवल्काच्या घडणीतच जे वैगुण्य राहून गेले, ते मुलाने दात घासायला शिकण्यापूर्वीचे असते. गोडाने आणि हयगयीने दात किडतात हे खरेच. तथापि प्रत्येक डागामागे हयगय शोधणे हा अन्याय होय. किंबहुना कार्यकारणाचा क्रम पुष्कळदा उलटा असतो. कवच अपुरे असलेल्या दाताला गार पाणी झोंबते, ब्रशचा स्पर्श सहन होत नाही, म्हणून मूल दात घासणे टाळते. अस्वच्छता हे तेथे दोषाचे कारण नसते. तो दोषाचा परिणाम असतो.

आता वारशाचा प्रश्न. दंतवल्काचा शुद्ध आनुवंशिक विकार अस्तित्वात आहे आणि वैद्यक त्याला ‘अमेलोजेनेसिस इम्पर्फेक्टा’ म्हणते. या विकारात कधी कवच पातळ किंवा खळगेदार होते; कधी जाडी पुरेशी असूनही ते इतके मऊ राहते की चघळताना त्याचे टवके निघतात. साचा रचणारी, तो काढून घेणारी आणि खनिज भरण्यास साहाय्य करणारी प्रथिने निरनिराळ्या जनुकांच्या आज्ञेने तयार होतात. त्यांपैकी कोणत्याही एका आज्ञेत चूक झाली तरी काम बिघडते. दुधाचे असोत की कायमचे, बहुधा सगळेच दात बाधित होणे ही या विकाराची खूण. त्याचे प्रमाण जागोजाग वेगळे आढळले आहे. अमेरिकेत झालेल्या एका जुन्या पाहणीत ते सुमारे 14,000 मुलांत एक असे निघाले, तर उत्तर स्वीडनच्या एका परगण्यात सुमारे 700 मुलांत एक. म्हणजे विकार खरा, पण बहुतेक ठिकाणी विरळा.

‘खाण तशी माती’ या न्यायाची कसोटी येथेच लागते. या विकाराच्या काही कुळांत सदोष जनुकाची एकच प्रत पुरेशी होते. ती आईकडून येईल तशीच बापाकडूनही येते आणि प्रत्येक अपत्याला ती मिळण्याचा संभव निम्मा असतो. काही कुळांत आईबाप दोघेही निर्दोष दिसतात, पण दोघांकडे एकेक सदोष प्रत लपलेली असते. नात्यात लग्ने होतात तेथे अशा दोन प्रती एकत्र येण्याचा संभव वाढतो. मामाची मुलगी करण्याची चाल ज्या समाजांत आहे, त्यांनी हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तिसरे कूळ एक्स गुणसूत्रावरच्या जनुकाचे. त्यातला बिघाड 1991 मध्ये उघडकीस आला. येथे बापाचा दोष त्याच्या सर्व मुलींकडे जातो, मुलाकडे कधीच जात नाही. मुलाच्या दातांचे सगळे कवच बिघडते. मुलीच्या दातांवर मात्र चांगल्या-वाईट कवचाचे उभे पट्टे उमटतात, कारण तिच्या काही पेशींत एक एक्स गुणसूत्र कामावर असते, तर काहींत दुसरे. कधी कधी तर आईबाप दोघांतही नसलेली चूक अपत्यात प्रथमच उद्भवते. इतक्या वाटांनी येणाऱ्या वारशाचे खापर एकट्या सुनेवर फोडण्यास विज्ञानात कोठेही आधार नाही.

परंतु कुटुंबात जे जे सारखे दिसते ते ते वारशानेच आलेले असते, ही समजूतही तपासून पाहिली पाहिजे. एका घरची भावंडे जनुकांची जशी वाटेकरी असतात, तशीच एका विहिरीच्या पाण्याची, एका चुलीची आणि एका दारिद्र्याचीही असतात. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्स या गावी 1901 मध्ये दवाखाना थाटलेल्या फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याला तेथील घराघरांतून तपकिरी दात दिसले. मोठेपणी गावात येऊन राहिलेल्यांचे दात मात्र स्वच्छ होते; तेथेच लहानाचे मोठे झालेल्यांचेच डागाळले होते. 1931 मध्ये चर्चिल नावाच्या रसायनज्ञाने असे दात असलेल्या गावांच्या पाण्यात फ्लोराइडचे मोठे प्रमाण दाखविले आणि कोडे उलगडले. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या विंधनविहिरींची कहाणी तीच आहे. भारतीय मानकानुसार लिटरभर पाण्यात 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ग्राह्य, आणि दुसरा स्रोत नसेल तरच 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावयाचे. पिढ्यान् पिढ्या ज्या गावाने याहून अधिक प्याले, तेथे आजोबाचे दात नातवाच्या दातांसारखे दिसणारच. त्याला वंशाचा दोष म्हणणे म्हणजे विहिरीला निर्दोष सोडणे होय.

जनुक आणि परिस्थिती यांचे वाटे वेगळे करण्यास जुळ्या मुलांचा अभ्यास उपयोगी पडतो. एकबीज जुळ्यांची जनुके एकच, द्विबीज जुळ्यांची सख्ख्या भावंडांइतकीच सारखी. मेलबर्न येथे जुळ्यांवर गर्भावस्थेपासून सहाव्या वर्षापर्यंत लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. दुधाच्या दुसऱ्या दाढेवरचे मऊ, डागाळलेले कवच त्यात तपासले होते. जुळ्यांत साम्य भरपूर आढळले. पण एकबीज जोड्यांतले साम्य द्विबीज जोड्यांहून म्हणण्यासारखे अधिक नव्हते. अर्थात बोट परिस्थितीकडे वळले. ब्राझीलमध्ये कायमच्या दाढांसंबंधी 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र एकबीज जुळ्यांचे साम्य अधिक निघाले. पण त्यातही घरच्या तुटपुंज्या मिळकतीचा संबंध दिसलाच. सारांश, विरळ्या विकारात जनुकाची सत्ता जवळजवळ निर्विवाद असली, तरी नेहमी आढळणाऱ्या दोषांत ते फार तर एक भागीदार असते. गर्भारपणातील आणि बाळपणातील कुपोषण, अपुऱ्या दिवसांचा जन्म, आजारपण हे दुसरे भागीदार.

ही दुसरी बाजू महाराष्ट्राच्या मातीतही लिहिलेली सापडते. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने ताम्रपाषाणयुगीन वसाहत उत्खनित केली. तेथे पुरलेल्या बालकांच्या दुधाच्या सुळ्यांवरचे खळगे जॉन लुकाच आणि सु. रा. वाळिंबे यांनी अभ्यासले, ते त्या लोकांच्या आयुष्यातील शारीरिक ताण जाणून घेण्यासाठी. त्या बालकांची हाडे आज तीन हजार वर्षांची आहेत. तेव्हाचे हाल दाताने विसरू दिले नाहीत. आजचेही तो विसरू देणार नाही.

तेव्हा करावयाचे काय? जनुक बदलता येत नाही म्हणून हात टेकण्याचे कारण नाही. फ्लोराइडचा लेप, दाढांवर पोलादी टोपी, समोरच्या दातांना दाताच्याच रंगाचा मुलामा, हे उपाय वेळीच झाले तर मुलाची दाढही वाचते आणि हसणेही. शिवाय दंतवल्काच्या एका आनुवंशिक विकाराबरोबर मूत्रपिंडात चुना साठू लागतो. अशा मुलाच्या दातांकडे ‘खानदानी आहेत’ म्हणून दुर्लक्ष करणे किती महागात पडेल, हे सांगावयास नको. 2013 मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांच्या दातांची तपासणी समाविष्ट आहे. त्या तपासणीत ‘किडके दात’ एवढाच शेरा न मारता तीन प्रश्न विचारले जावेत: सगळेच दात असे आहेत की थोडे? घरात आणखी कोणाचे आहेत? गावात पिण्याचे पाणी कोठले? पहिल्या दोहोंची उत्तरे वारशाकडे बोट दाखवितील, तिसऱ्याचे ग्रामपंचायतीकडे.

शिक्षकाचे काम याहून सोपे आहे. दात घासण्याची शिस्त त्याने अवश्य लावावी. परंतु चारचौघांत मुलाचे तोंड उघडून त्याला लाजवू नये. आणि आईविषयी एवढे ध्यानात ठेवावे की, दुधाच्या दातांचे कवच तिच्या पोटात घडू लागते तेव्हा तिच्या ताटात काय पडते, हे बहुतेक घरांत एकट्या तिने ठरविलेले नसते. तिच्या उपासमारीचा दोषही तिच्याच पदरात टाकणाऱ्या समाजाने वंशाची चौकशी करण्यापूर्वी आपली विहीर आणि आपले ताट तपासावे.