पंख्यात अडकलेला दोर कुणाचा?



बंदी सुरू झाली. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. होड्या वर ओढून झाल्या, ताडपत्र्या बांधून झाल्या, जाळी शेडमध्ये आली. एरवी आपल्यापैकी कुणाला चार ओळी वाचायला फुरसत नसते, म्हणून आत्ताच लिहून टाकतो. विषय कचऱ्याचा आहे. "सेक्रेटरीला बंदीत दुसरं काम नाही" असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण शेवटपर्यंत वाचून म्हणा.

गेल्या ऑक्टोबरात माझ्याच होडीचा पंखा भर समुद्रात अडकला. पहाटेची वेळ, वारा वाढत चाललेला, इंजिन वर उचलून दोघं जण सुरीने कापत बसलो. तास-दीड तास गेला, पंख्याची पिन तुटली ती वेगळीच. मी तोंडाने शॅकवाल्यांना आणि पर्यटकांना शिव्या घालत होतो. कापून हातात आलं ते काय? हिरव्या दोराचा गुंडा आणि त्यात गुरफटलेलं तंगूसचं जाळं. हा माल कुठल्या हॉटेलातून येत नाही. तो आपल्यापैकीच कुणाच्या तरी होडीवरून पाण्यात गेलेला होता. कदाचित माझ्याच. छातीवर हात ठेवून "माझा नव्हे" असं मला सांगता येणार नाही.

बाटल्या आणि पिशव्या नदीतून येतात, पर्यटकांकडून येतात, हे खरंच आहे. पाऊस सरला की पहिल्या महिन्यात जाळ्यात मासळी कमी आणि प्लास्टिक जास्त, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण त्या प्लास्टिकचं आपण काय करतो? बांगडे वेगळे, तारले वेगळे, आणि प्लास्टिक परत पाण्यात. मग उद्या ते दुसऱ्याच्या जाळ्यात, परवा पुन्हा आपल्या. एका जुन्या तांडेलकाकांना मी हे बोललो तर ते म्हणाले, "सेक्रेटरी, समुद्रातलं समुद्रात टाकलं, तुझं काय गेलं?" काका, माझी पिन गेली आणि एक दिवसाचा धंदा गेला.

केरळात कोल्लमजवळ नींदकरा बंदरावर 2017 पासून मच्छीमार जाळ्यात आलेलं प्लास्टिक पिशवीत भरून बंदरावर आणू लागले. तिथे बायका ते निवडतात, धुतात, सुकवतात, मग यंत्रात त्याचा चुरा करून रस्त्याच्या डांबरात मिसळतात. पहिल्या दहा महिन्यांत 25 टनांच्या आसपास प्लास्टिक वर आलं. ते लोकही आपल्यासारखेच ट्रॉलरवाले आहेत. त्यांना सरकारी खात्यांची मदत मिळाली, हेही सांगितलं पाहिजे. नुसत्या हौसेने एवढं होत नाही.

आता घराकडे येतो, कारण सवय तिथे लागते. होडी म्हणजे आपलं दुसरं घर. घरी जो पिशवी खिडकीतून टाकतो तो होडीवर ती पोत्यात भरणार नाही.

आपल्या घरातला ओला कचरा इतरांसारखा नसतो. खवलं, आतडी, डोकी, सुंगटांची सालं. ते प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून सुक्या पोत्यात टाकलं की अख्खं पोतं वाया जातं. मागे आमच्या वाड्यावरची काही पोती गाडीवाल्याने तशीच सोडली होती. बायका चिडल्या, मीही भांडायला गेलो. त्याने माझ्यासमोर एक पोतं उघडलं आणि मी गप्प घरी आलो. नुस्त्याचं पाणी लागलेला कागद आणि पुठ्ठा पुढे कुणी घेत नाही. हाताने निवडणाऱ्या बाईने त्यात हात का घालावा?

आपल्या आज्या हे घाण माडाच्या आळ्यात पुरायच्या. तेच करा, फक्त हातभर खोल खणा, वर राख आणि माती घाला, नाहीतर कुत्री रात्रभर जागरण करतील. ज्यांच्याकडे माड नाही त्यांनी झाकणाच्या बालदीत ठेवून ओल्या कचऱ्यात द्यावं, पिशवी न बांधता. साळगावच्या प्रकल्पात 2016 पासून ओल्या कचऱ्याचा गॅस होतो आणि त्यावर वीज तयार होते. त्यात प्लास्टिक गेलं की आधी ते वेगळं काढण्यातच दमछाक.

सुक्याचं म्हणाल तर दुधाची पिशवी, पाण्याची बाटली, तेलाचा डबा यांना भंगारात भाव आहे, पण स्वच्छ असतील तर. भांडी धुतलेल्या शेवटच्या पाण्यात विसळा, दोरीवर वाळत घाला. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, लोंबता ठेवा. तो बारका तुकडा कुणी गोळा करत नाही, गटारातून सरळ समुद्रात येतो. वेफर्स, गुटख्याच्या चकचकीत पुड्या पुन्हा वितळवून वापरता येत नाहीत. त्या सिमेंट कारखान्याच्या भट्टीत जातात, म्हणून त्याही सुक्या पोत्यातच हव्यात, चुलीत नव्हे. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळे. इंजिनचं काळं तेल आणि त्याचे डबे या कशातही मिसळू नका. आणि ते रेतीत ओतणाऱ्यांनो, त्याच रेतीत तुमची पोरं खेळतात.

थर्माकोलच्या खोक्यांवर माझा खास राग आहे. त्यात जवळजवळ सगळी हवा असते. टेम्पोभर नेलं तरी वजन काही भरत नाही, म्हणून भंगारवाला हात लावत नाही. दोन-तीन फेऱ्यांत कडा तुटतात आणि दाणे वाऱ्यावर. जाड प्लास्टिकचा बर्फाचा डबा महाग पडतो, मान्य. पण हंगामात किती खोकी फेकली ते एकदा वहीत मांडा, मग बोलू.

आता जाळी. बंदीत आपण जाळी दुरुस्त करतो आणि कापलेले तुकडे संध्याकाळी ढीग करून पेटवतो. गेल्या वर्षी मी स्वतः काडी लावली आहे, म्हणून दुसऱ्यावर बोट ठेवत नाही. पण नायलॉन जळताना सायनाइडसारखा विषारी वायू निघतो. त्या धुराच्या वाऱ्यावर आपली सुकी सुंगटं उभी असतात, घरात म्हातारी माणसं खोकत असतात. पंचायत म्हणते जाळी हा घरगुती कचरा नव्हे, भंगारवाला म्हणतो भेसळ आहे. दोघांचंही अगदी चूक नाही. तंगूस नायलॉनचं, दोर बहुतेक वेळा दुसऱ्या प्लास्टिकचा. नायलॉन वितळतं सुमारे 220 अंशांवर, दोरातलं पॉलिथिलीन 130 च्या आसपास. एकत्र घातलं तर ना हे धड, ना ते. वेगळं केलं तर नायलॉनला गिऱ्हाईक मिळू शकतं.

वेगळं ओळखायला शाळा शिकायला नको. बालदीभर पाणी घ्या, तुकडा बुडवून चांगला भिजवा, सोडा. नायलॉन तळाला जातं, दोर तरंगतो. म्हणूनच तुटलेलं तंगूस खाली जाऊन दगडाला अडकतं आणि वर्षानुवर्षं मासळी मारत राहतं, कुणाच्याही टोपलीत न येणारी.

सोसायटीच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे. शेडच्या मागच्या कोपऱ्यात तंगूस, दोर, आणि बोये-शिसं यांसाठी वेगळी जागा. ऑगस्टपासून प्रत्येक होडीला एक रिकामं पोतं, जे भरून आलं तर जेटीवर घेतलं जाईल. आणि पंचायतीला पत्र, की आम्ही निवडून देतो, तुम्ही गाडी पाठवा. काही मालक म्हणतील डेकवर जागा कुठे आहे. ट्रॉलरवर आहे, लहान होडीवर खरोखरच अडचण आहे, तिथे पोत्याऐवजी पिशवी चालेल. पैसे मिळतील का? शिसं आणि बाटल्यांचे थोडे मिळतील, पोत्यांचा खर्च निघाला तरी खूप. कुणाला नफ्याचं आमिष दाखवून मला बोलवायचं नाही.

येत्या रविवारी सकाळी 8 वाजता शेडवर निवडणी सुरू करू. येताना सुरी आणि बालदी आणा. बायकांनीही यावं, हाताला सफाई त्यांच्याच आहे. आणि जाळं अजून सांधण्यासारखं असेल तर घाईने कापू नका, आधी एखाद्या जुन्या तांडेलाला दाखवा. मघाशी सांगितलेले काकाही येणार आहेत, कालच फोन आला होता. काडेपेटी मात्र घरी ठेवून या.

– सेक्रेटरी