आजचा मुक्काम कुठे?

एक तारखेला आपण सगळेच शूर असतो. 'या वर्षी कार्ड क्लिअर!' वीस तारखेला मात्र तोच आकडा बघून अंगातलं बळ जातं. मोटिव्हेशनचा लोच्या इथेच होतो, मंडळी. देणं मोठं आणि मधे थांबायला जागाच नाही!

आमच्या मुक्ताईनगरहून ज्येष्ठात मुक्ताबाईंची पालखी निघते. पंढरपूर सुमारे ७०० किलोमीटर, महिनाभराची चाल. पण रोजचा मुक्काम आधीच ठरलेला. वारकरी तेवढंच बघतो, नि पोचतोच!

आता हिशेब. माझ्या पुण्यातल्या मैत्रिणीचं कार्डाचं देणं ६० हजार. बिचारी स्टेटमेंट उघडायलाच घाबरायची. दरमहा साडेतीन टक्के म्हणजे २,१०० रुपये नुसतं व्याज, जीएसटी वेगळाच. 'मिनिमम ड्यू' म्हणून ३ हजार भरले, तर मुद्दल जेमतेम ९०० नं कमी. ५ हजार भरले, तर २,९००. म्हणजे तिपटीहून जास्त!

म्हणून पहिला मुक्काम: कार्ड कपाटात. थकबाकी असताना नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. दुसरा: पगार झाला की त्याच दिवशी ५ हजार. तिसरा: देणं ५० हजारांवर आलं की एक पिक्चर, रोखीनं. मग पुढचा टप्पा ४० हजारांचा. सगळं फिटलं की तोच हप्ता पोस्टाच्या आरडीत वळवा.

मैत्रीण सध्या ४७ हजारांवर आहे. स्टेटमेंट आता स्वतःच उघडते. तुमचा पहिला मुक्काम कोणता?