कणभर धातूचे मोल

१ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज सहा’ ही धूरनियंत्रणाची कडक मानके देशभर लागू झाली. ती पाळण्याचा भार पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीत मुख्यतः धूर बाहेर सोडणाऱ्या नळीतील एका डब्यावर असतो. त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा दुर्मिळ धातूंचे अवघे काही ग्रॅम उत्प्रेरक म्हणून बसविलेले असतात. स्वतः न खपता ते विषारी वायूंचे रूपांतर घडवून आणतात. या धातूंसाठी भारत मुख्यतः आयातीवर अवलंबून आहे, आणि जगाचा पुरवठा बव्हंशी दक्षिण आफ्रिका व रशिया या दोन देशांच्या हाती आहे. मार्च २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव औंसाला २८ हजार डॉलरांच्या वर गेला, तेव्हा या परावलंबनाची किंमत साऱ्या मोटार उद्योगाला कळून चुकली.

यावर उपाय खाणीत नसून प्रयोगशाळेत आहे. एक ग्रॅम प्लॅटिनमचा ठोकळा केला तर त्याचा पृष्ठभाग एक चौरस सेंटिमीटरही भरत नाही. त्याच ग्रॅमचे तीन नॅनोमीटर व्यासाचे कण केले, तर तोच पृष्ठभाग सुमारे नव्वद चौरस मीटर होतो. रासायनिक क्रिया पृष्ठभागावरच घडत असल्याने आत दडलेला अणू हा फुकट गेलेला पैसा होय. आकाराचा महिमा एवढ्यावरच संपत नाही. सोने म्हणजे निष्क्रियतेचा आदर्श. परंतु जपानचे मासाताके हारुता यांनी १९८७ साली दाखवून दिले की, धातूच्या ऑक्साइडवर बसविलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण शून्याखालील तापमानातही कार्बन मोनॉक्साइडचे ज्वलन घडवितात.

मात्र असे कण घडविणे सोपे नाही. धातूच्या क्षाराच्या द्रावणात आधारद्रव्य भिजवून ते वाळवण्या-भाजण्याच्या जुन्या पद्धतीत लहानमोठ्या कणांची सरमिसळ होते. दोन धातूंचे मिश्रण हवे असल्यास एका कणात एक धातू अधिक, दुसऱ्यात दुसरा, असा प्रकार घडतो. म्हणून द्रावणातच ठरल्या आकाराचे व ठरल्या प्रमाणाचे कण तयार करून ते मागाहून आधारद्रव्यावर बसविण्याकडे संशोधकांचा कल आहे. तरीही इंजिनाच्या उष्णतेत हे कण सरकतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि निकामी ठरतात. खरी कसोटी पहिल्या दिवसाच्या कार्यक्षमतेची नसून पाचव्या-दहाव्या वर्षाच्या टिकाऊपणाची आहे.

नेमके येथेच आपले धोरण तोकडे पडण्याची भीती आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने हरित हायड्रोजन मोहिमेस मंजुरी दिली; २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे लक्ष्य ठेवले. पाण्याचे विघटन करणाऱ्या यंत्रांच्या एका प्रमुख प्रकारास प्लॅटिनमबरोबर त्याहूनही दुर्मिळ असे इरिडियम लागते. तेलाची आयात कमी करताना धातूंची आयात वाढवून ठेवणे, याला स्वावलंबन म्हणता येईल काय? शोधनिबंधांची संख्या मोजण्यापेक्षा उत्प्रेरक वर्षानुवर्षे तपासून पाहणाऱ्या चिकाटीच्या कामाला पैसा पुरविणे आणि भंगारात निघालेल्या मोटारींतून हे धातू परत मिळविण्याची शिस्तबद्ध व्यवस्था उभारणे, ही दोन कामे शासनाने आता लांबणीवर टाकू नयेत.

दशकानुदशके कच्चे लोहखनिज बोटींत भरून परदेशी धाडलेल्या गोमंतकाला एक गोष्ट वेगळी सांगावयास नको: खरी संपत्ती मातीत असते त्याहून अधिक ती घडविणाऱ्या ज्ञानात असते. ज्याच्यापाशी खाण नाही, त्याने तरी हे ज्ञान गमावता कामा नये.