देवासची नामावळी

मोठ्या शहराच्या सावलीत वाढलेल्या गावांना आपल्या थोरांची नामावळी जुळवण्याची विशेष हौस असते. शहराला तिची गरज भासत नाही. गावाला मात्र आपणही कोणीतरी आहोत, हे येणाऱ्या-जाणाऱ्यास वारंवार सांगावेसे वाटते. मंडळाची स्मरणिका निघाली, की जाहिरातींच्या आधीची दोन पाने याच कामासाठी राखून ठेवलेली असतात. नाव, जन्मसाल, पदवी, पुरस्कार आणि पासपोर्टच्या आकाराचे छायाचित्र! बृहन्महाराष्ट्रातील आपल्या मंडळांनी हा प्रकार इतका अंगवळणी पाडून घेतला आहे, की त्याविरुद्ध काही लिहिणे म्हणजे त्या थोरांचाच अनादर करणे, असे कोणाला वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. ही नामावळी थोरांचा सन्मान करीत नसून गावाच्या कर्तृत्वावर पांघरूण घालते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उदाहरण म्हणून देवास घेऊ. इंदूरपासून हे गाव जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटर. मधल्या रस्त्यावर वस्ती आणि कारखाने वाढत गेल्याने ते आता इंदूरचे उपनगरच भासू लागले आहे. एकेकाळी येथे पवारांच्या दोन गाद्या होत्या. तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांपासून आलेल्या थोरल्या आणि धाकट्या पातीची राज्ये एकाच गावात नांदत होती. एवढ्याशा गावात दोन दरबार असल्यामुळे गवयांना आणि कारकुनांना आश्रय मिळण्याची शक्यताही दुप्पट, असे गमतीने म्हणता येईल.

या गावाच्या कोणत्याही नामावळीत पहिले नाव कुमार गंधर्वांचे असणार. ते असावेच. पण शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळी यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी येथे, एका कन्नड घरात झाला. तालीम मुंबईस प्रा. बी. आर. देवधरांकडे झाली. कीर्ती तर त्यांना बालवयातच लाभली होती. ते देवासला आले ते १९४८ मध्ये, क्षयाने ग्रासलेले, गाणे बंद झालेले आणि जगण्याचीही शाश्वती नसलेले असे. म्हणजे देवासने त्यांना जन्म दिला नाही, शिक्षण दिले नाही, प्रसिद्धीही दिली नाही. मग या गावाने दिले तरी काय? नामावळी या प्रश्नापाशी पोचतच नाही. पद्मभूषण १९७७, पद्मविभूषण १९९०, निधन १२ जानेवारी १९९२, एवढे छापून ती मोकळी होते. यांतील एकाही तारखेत देवास नाही.

देवास आहे ते १९४८ ते १९५३ या, एकही जाहीर मैफल न झालेल्या वर्षांत. माळव्याची कोरडी हवा मानवेल, म्हणून त्यांना येथे आणले गेले. इंदूरच्या रामूभैय्या दात्यांसारख्या रसिकांचा लोभ पाठीशी होता. पत्नी भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी करून संसार आणि औषधपाणी सांभाळले. पडून राहिलेल्या गायकाच्या कानांवर माळव्याची लोकगीते पडत होती. बायका सणावाराला, लग्नाकार्याला गातात ती. शीलनाथांच्या धुनीमुळे गावात नाथपंथी भजनाचा राबता होता, त्यातली निर्गुणी पदेही ऐकू येत होती. पुढे ‘अनूपरागविलास’मध्ये (१९६५) जे स्वररूप छापले गेले, लोकधुनींतून राग कसे उगवतात याचा जो विचार कुमारांनी मांडला, मालवती, लगनगंधार, सहेली तोडी हे जे राग त्यांनी दिले आणि कबीराच्या पदांना जो नवा आवाज मिळाला, त्या सर्वांची मशागत या ऐकण्यात झाली आहे. ज्या बाया गात होत्या त्यांपैकी एकीचेही नाव कोणत्याही स्मरणिकेत नाही. आम्ही त्या नावांचा हट्ट धरीत नाही, ती आता मिळणारही नाहीत. परंतु गावाचे खरे देणे तेथे आहे, हे एका ओळीत तरी सांगता आले असते.

भानुमतीबाई १९६१ मध्ये गेल्या. नामावळीत त्या आल्याच तर कंसात येतात. वसुंधराबाई स्वतंत्र ताकदीच्या गायिका, देवधरांकडेच शिकलेल्या, २००६ मध्ये पद्मश्रीने गौरवलेल्या. त्यांना निदान पुरस्कारामुळे स्वतःची ओळ मिळते. शाळामास्तरणीला पुरस्कार नव्हता, म्हणून ओळ नाही!

आता दुसरे नाव पाहा. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार देवासला प्रथम १९१२-१३च्या हिंदुस्थान-प्रवासात आला आणि १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून काही महिने राहिला. आपल्या मंडळींना त्याचे नाव घ्यायला आवडते, कारण साहेबाने आपल्या गावावर पुस्तक लिहिले, याची ऐट वाटते. ते पुस्तक १९५३ मध्ये निघाले. त्यात संस्थानी गोंधळाची थट्टा आहे आणि महाराजांविषयी जिव्हाळाही आहे. पण ऐट वाटावी असे खरे कारण वेगळेच आहे. देवासच्या वाड्यातील गोकुळाष्टमीचा उत्सव फॉर्स्टरने पाहिला आणि ‘अ पॅसेज टु इंडिया’ (१९२४) या कादंबरीच्या अखेरच्या भागात तो उतरवला. त्या प्रसंगी गाणारे तुकोबांना आळवतात. इंग्रजी कादंबरीच्या एका श्रेष्ठ कृतीत देहूचा वाणी शिरला, तो माळव्यातल्या मराठी दरबाराने आपली भजनपरंपरा सोडली नव्हती म्हणून. मराठी भाषेने महाराष्ट्राबाहेर राहून काय साधले, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस सुचत नाही. ते साधणारे टाळकरी अनाम आहेत आणि आपण मिरवतो तो साहेब.

तिसरे नाव उस्ताद रजब अली खाँ यांचे. देवास दरबारचे हे गवई १९५९ पर्यंत हयात होते. म्हणजे जवळजवळ अकरा वर्षे ते आणि कुमार एकाच गावात राहत होते. १९५४ मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला. निवृत्तीबुवा सरनाईकांनी त्यांच्याकडून तालीम घेतली. त्यांचे पुतणे अमानत खाँ मुंबईस गेले ते ‘देवासवाले’ हे गावाचे नाव लावून, आणि तेथे त्यांनी लता मंगेशकरांना शिकवले. इंदूरकर १९२९ मधील एका जन्मनोंदीवरून लताबाईंवर हक्क सांगतात. त्या घराण्याचे मूळ गोव्यातील मंगेशी येथले, म्हणून गोमंतकीय सांगतात. त्यांच्या गळ्यावर प्रत्यक्ष मेहनत घेणाऱ्यांपैकी एकाने देवास आपल्या नावात बांधून नेले होते, हे मात्र देवासच्या मराठी मंडळींना सांगावेसे वाटत नाही. का वाटत नाही, हे स्पष्टच बोलू. मराठी मंडळाची नामावळी आडनावे चाळून केली जाते. खाँसाहेब तीत बसत नाहीत. कुमार बसतात, कारण त्यांचे कन्नडपण आपण सोयीने विसरलो आहोत.

जन्मस्थानाच्या या वेडाला महू हे एक उत्तर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत झाला, कारण त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ तेव्हा तेथे लष्करी नोकरीत होते. बाळ दोन-तीन वर्षांचे असतानाच कुटुंबाने महू सोडले. तेथे आज लाखो लोक जातात आणि गावाला त्यांचे नाव मिळाले आहे, ते जाणाऱ्यांच्या श्रद्धेमुळे. महूने बाबासाहेबांना घडवले, असा दावा त्यांतील कोणी करीत नाही. भाविकांना जे कळते ते स्मरणिकांच्या संपादकांना कळू नये, याचे नवल वाटते.

अशा नामावळींमुळे नव्या पिढीला प्रेरणा मिळते, असा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. कोणती प्रेरणा? आमच्या मंडळांत आज जी मुले येतात, त्यांना मराठी बोलता येते, वाचता अडखळत येते, लिहिण्याचा प्रश्नच उरलेला नाही. त्यांच्या हातात आपण पुरस्कारांची यादी देतो. ती वाचून मुलाला एवढेच कळते, की मोठी माणसे येथे चुकून जन्मली किंवा चुकून येऊन पडली, आणि मोठेपण दिल्लीहून टपालाने आले. आजारी माणसाला पाच वर्षे सांभाळणे, न गाणाऱ्या गवयाच्या उशाशी बसणे, वाड्यावर दरवर्षी तुकोबांचे भजन चालू ठेवणे ही कामे गाव करू शकते, हे त्यास कोणी सांगतच नाही. आणि ते सांगितले तर मग मंडळाने सध्या काय चालवले आहे, असा प्रश्न तो विचारील. त्या प्रश्नाची भीती हेच या नामावळींचे खरे कारण असावे, असा आमचा संशय आहे. ग्रंथालयाचे कपाट कुलूपबंद असताना भिंतीवर तसबिरी लावणे सोपे असते.

आमची सूचना साधी आहे. पुढील स्मरणिकेत नामावळीची दोन पाने रद्द करावीत आणि तेथे एकाच माणसाच्या देवासमधील एकाच वर्षाची हकीगत छापावी. कुमारांच्या भानुकुलात बैठका ऐकलेले श्रोते आज ऐंशीच्या घरात आहेत, काही त्यापुढे. त्यांना प्रश्न विचारायला फारसा वेळ उरलेला नाही. रजब अली खाँसाहेबांना पाहिलेले तर त्याहून थोडे. आणि १९५०च्या सुमारास देवासच्या शाळेत भानुमतीबाईंच्या वर्गात बसलेल्या मुली आज आज्या-पणज्या झाल्या असतील. कोणाच्या घरी अशा कोणी असतील, तर त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे. बाई काय शिकवीत, घरी जाण्याची त्यांना किती घाई असे, कधी गात का, एवढे जरी त्यांनी सांगितले तरी ते लिहून घेऊन पुढील अंकासाठी आमच्याकडे पाठवावे. शुद्धलेखन आम्ही पाहून घेऊ.