नऊ धावांपलीकडचे निंबाळकर

डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यातील पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र आणि काठेवाड यांच्यात रणजी करंडक स्पर्धेचा सामना झाला. काठेवाडच्या २३८ धावांना उत्तर देताना महाराष्ट्राने ४ गडी गमावून ८२६ धावा उभारल्या. त्यांतील ४४३ धावा एकट्या भाऊसाहेब निंबाळकर यांच्या होत्या. डॉन ब्रॅडमन यांच्या नाबाद ४५२ धावांच्या तत्कालीन विश्वविक्रमाशी बरोबरी साधायला अवघ्या नऊ धावा हव्या होत्या. तोच मध्यंतर झाले. डाव घोषित करा, अन्यथा आम्ही परत जातो, असा पवित्रा काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब यांनी घेतला आणि सामना सोडून दिला.

निंबाळकरांचे नाव निघाले की हाच प्रसंग सांगितला जातो. ठाकोरसाहेबांचे वर्तन खिलाडूवृत्तीला शोभणारे नव्हतेच. परंतु एका क्रिकेटपटूची सारी कारकीर्द न काढलेल्या नऊ धावांत कोंबणे हाही त्याच्यावर अन्यायच होय. काठेवाडच्या कर्णधाराने त्यांचा एक डाव तोडला, आपण उरलेले सगळे डाव विसरून गेलो.

हे उरलेले डाव थोडे नव्हते. १९१९ साली कोल्हापुरात जन्मलेले निंबाळकर सुमारे पाव शतक प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळले. महाराष्ट्राप्रमाणेच बडोदा, होळकर, रेल्वे अशा संघांकडूनही ते मैदानात उतरले. त्यांनी ८० सामन्यांत ४७.९३ च्या सरासरीने ४८४१ धावा केल्या, मध्यमगती गोलंदाजी केली, प्रसंगी यष्टिरक्षणही केले. आता यातून तो ४४३ धावांचा डाव वगळून पाहावा. सरासरी तरीही ४३ च्या वर राहते! एका दिवसाच्या दैवयोगावर उभी राहिलेली ही कारकीर्द नव्हे.

कसोटी सामना मात्र त्यांच्या वाट्याला आला नाही. त्या महिन्यात वेस्ट इंडीजचा संघ भारताच्या दौऱ्यावरच होता. मुंबईची कसोटी पुण्याच्या सामन्यापूर्वी नुकतीच आटोपली होती आणि कोलकात्याची ३१ डिसेंबरला सुरू व्हायची होती. या दोहोंच्या मधोमध निंबाळकरांनी हा पराक्रम केला. तरीही निवड झाली नाही. निवड समितीची बाजूही पाहिली पाहिजे. मुंबईत रुसी मोदी आणि विजय हजारे यांनी शतके झळकावली होती, काठेवाडची गोलंदाजी वेस्ट इंडीजच्या तोडीची नव्हती. हे एका मालिकेपुरते पटण्याजोगे आहे. पुढच्या सर्व वर्षांत एकदाही संधी मिळू नये, याचे समर्थन मात्र त्यातून होत नाही. कसोटीची टोपी गुणांची पावती असते हे खरे, पण ती किती जणांना द्यायची हे अकरा जागांवर ठरते. टोपी न मिळालेल्यांच्या खेळावरच प्रांतांचे क्रिकेट उभे असते.

२००२ साली भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्यांचे निधन झाले. प्रथम श्रेणीच्या सामन्यात चारशेचा टप्पा गाठणारा दुसरा भारतीय फलंदाज तोवर झालेला नव्हता.