कडा कुणाला विचारून चढायचा?

मराठीत डोंगर चढण्यासाठी रूढ असलेले बहुतेक शब्द लष्करी आहेत. 'मोहीम' निघते, 'चढाई' होते, सुळका 'सर' केला जातो आणि तो यापुढे 'अजिंक्य' राहिला नसल्याची ग्वाही वृत्तान्ताच्या अखेरीस दिली जाते. हा सूर इंग्रजी गिर्यारोहण-लेखनातही आहे. पण आपल्याकडे त्याला शिवकाळाची प्रभावळ लाभल्यामुळे तो सूर आहे हेच ध्यानात येईनासे झाले आहे. प्रश्न केवळ शैलीचा असता तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु मोहिमेवर निघालेला माणूस वाटेतल्या शेतकऱ्याची परवानगी मागत नाही. सह्याद्रीतील प्रस्तरारोहणापुढे प्रवेशाचा जो पेच आज उभा आहे, त्याचे एक मूळ या भाषेत आहे असा माझा दावा आहे.

पेच काय, ते आधी पाहू. मुंबईच्या प्रस्तरारोहकांनी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीच्या आसपासच्या कातळावर वर्षानुवर्षे हात घासले. ते जंगल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते, तर त्यातली लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत. हाकेच्या अंतरावर दोन खाती, आणि चढणाऱ्याला दोघांच्याही कागदांत नाव नाही. कोकणकडा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. अभयारण्यात प्रवेश कशासाठी देता येतो, याची यादी त्याच कायद्याच्या २८ व्या कलमात आहे : वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार. प्रस्तरारोहण यातले नेमके काय? ओढूनताणून पर्यटन म्हणता येईल. पण ते ओढायचे की नाही हे समोर बसलेल्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर. शिवाय अनेक सुळक्यांचा पायथा कुणाच्या तरी खाजगी मालकीचा असतो, आणि त्या माणसाला तर कुणीच काही विचारलेले नसते.

पावसाळ्यात जिल्हाधिकारी जी बंदी घालतात (पूर्वी कलम १४४, जुलै २०२४ पासून नव्या संहितेचे कलम १६३) तिचा रोख धबधब्यावरच्या गर्दीवर असतो. ओल्या बेसाल्टवर शहाणा माणूस तसाही चढत नाही. तेव्हा ते सोडून देऊ. राज्याचे २०२१ चे साहसी पर्यटन धोरणही मुख्यतः आयोजकाची नोंदणी आणि सुरक्षितता पाहते. कातळाकडे जाणारी वाट कुणाची, हा प्रश्न त्याने सुटत नाही. गंमत अशी की नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ साली कृत्रिम भिंतीवर विश्वचषकाच्या स्पर्धा झाल्या, टोकियोपासून ऑलिंपिकमध्येही हा खेळ आला. उभारलेल्या भिंतीला मालक असतो, दार असते, कुणाला विचारायचे ते ठाऊक असते. डोंगराच्या बाबतीत नेमके तेच ठाऊक नाही.

आता साहित्याकडे वळू, कारण वाचक या नात्याने माझी मुख्य तक्रार तिथे आहे. बीडच्या किंवा नांदेडच्या एखाद्या मुलीला जवळचा चढण्याजोगा कातळ शोधायचा आहे असे समजा. दिवाळी अंकांतले वृत्तान्त, संस्थांच्या स्मरणिका, पुस्तके तिने चाळली तर काय हाती लागते? चाळीस फुटांच्या भेगेचे दोन पाने वर्णन : खोबणी कुठे आहे, मेख कुठे ठोकली, दोर कुठे अडकला, खाली पाहिल्यावर पोटात कसा गोळा आला. त्यापूर्वीच्या दोन तासांच्या वाटेसाठी मात्र एकच वाक्य : 'गावातून वाटाड्या घेतला.' त्या वाटाड्याला कृतज्ञतेपोटी फार तर 'मामा' म्हटले जाते. तो महादेव कोळी आहे की ठाकर, ज्या बांधावरून नेले तो कुणाचा, गुरे कुठे चरतात, मोहोळे कोणत्या अंगाला लागतात, यातले काहीही नोंदले जात नाही. आग्या मोहोळाखालून अजाणता जाणे सह्याद्रीत जिवावर बेतते, हे ठाऊक असूनही.

नाळ, दार, खिंड, पाज, शिडीची वाट, बैलघाट हे शब्द ज्यांनी घडवले त्यांचा कड्याशी असलेला संबंध जाण्यायेण्याचा होता. आपल्या लेखनात ते शब्द स्थलवर्णनाची सजावट म्हणून येतात. हिरकणीच्या कथेचे आपण काय केले ते पाहावे. पायथ्याच्या वाडीतली बाई रोज गडावर दूध घालायला येते, सांज झाली की दरवाजा बंद होतो, म्हणून ती कड्यावरून उतरते. कथेचा सगळा पेच प्रवेशाचा आहे : दरवाजाची वेळ, ती ठरवणारे, आणि जिची रोजीरोटी त्या वेळेला बांधलेली आहे ती. आपण त्यातले वात्सल्य आणि साहस उचलले, बुरूज दाखवला, दरवाजा विसरलो. (दंतकथा म्हणून तिची ऐतिहासिकता तपासणाऱ्यांनीही दरवाजाकडे लक्ष दिले नाही, हे विशेष.)

'विचारायचे तरी कुणाला?' हा प्रस्तरारोहकांचा प्रतिप्रश्न मला अर्धाच प्रामाणिक वाटतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क मान्य केला आहे, ग्रामसभेला त्यात अधिकार दिले आहेत. त्या कायद्याच्या व्याख्येत अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यानेही येतात. ग्रामसभेच्या होकाराने वनखात्याची परवानगी टळत नाही हे खरे. तरी कड्याखालच्या गावाशी बोलायला कोणत्या शासननिर्णयाची वाट पाहायची?

बोलणे सुरू झाले तर 'नाही' ऐकण्याचीही तयारी हवी. लांब चोचीची गिधाडे कड्यांच्या कपारींत घरटी करतात. त्यांच्या विणीचे दिवस साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे नेमका आपला चढाईचा हंगाम. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने या पक्ष्यांचा संहार केला आणि २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. उरलेल्या घरट्यांशेजारी दोर सोडण्याचा हक्क कुणी मागू नये. ब्रिटनमध्ये ससाण्यांच्या विणीपुरते ठरावीक कडे बंद राहतात आणि तिथली गिर्यारोहण परिषद ती यादी स्वतः प्रसिद्ध करते. अमेरिकेतील डेव्हिल्स टॉवर हा सुळका तिथल्या आदिवासी जमातींना पवित्र आहे. १९९५ पासून जून महिन्यात तो चढू नये असे स्वेच्छेचे आवाहन तिथे आहे. तैलबैलाच्या दोन भिंतींमधल्या खिंडीत देवाचे ठाणे आहे. त्याच्या डोक्यावरून दोर टाकण्यापूर्वी कोणत्या दिवशी टाकू नये, एवढे विचारल्याची नोंद एखाद्या वृत्तान्तात मी शोधतो आहे.

एक आक्षेप गंभीर आहे : जागा छापली की झुंड येते, म्हणून गुप्तता बरी. लिंगाण्यावरची सुट्टीच्या दिवसांतली रांग पाहिली की हे पटू लागते. पण गुप्ततेचा हिशेब कोण चुकवतो? पुण्या-मुंबईतल्या जुन्या संस्थांच्या वर्तुळात जागा तोंडोतोंडी फिरतच असतात. बाहेर राहते ती वर उल्लेखिलेली बीडची मुलगी, आणि ते गाव, ज्याच्या माथ्यावर कोण लटकले आहे हे त्याला खालून दोर दिसल्यावर कळते. शिवाय ज्या जागेची नोंदच नाही, ती खाण किंवा बंगल्यांसाठी गेली तर तिच्या बाजूने कोणता कागद पुढे करणार?

येत्या हिवाळ्यात वृत्तान्त लिहिले जातीलच. संपादकांनी एक करावे. भेगेचे वर्णन दोन पानांवरून एका पानावर आणावे आणि मोकळ्या झालेल्या पानावर गावाचे नाव, वाट कुणाच्या रानातून गेली, कुणाला विचारले आणि ते काय म्हणाले, एवढे लिहून मागावे. विचारले नसेल तर तसे छापावे.